‘स्वेच्छेने आसन सोडले’ असे लिहून घेतले. आता भरपाई मागता येईल का?

गोदाकाठी (धागालेखक)

नमस्कार. गेल्या पंधरवड्यात बंगळुरूला भाच्याची मुंज होती. ओझरहून सोयीच्या वेळेचे विमान मिळाले नाही, म्हणून आई, पत्नी आणि मी अशी तिघांची तिकिटे एकाच आरक्षणात मुंबईहून काढली. विमान संध्याकाळी ६.५० चे होते. कसारा घाटाचा भरवसा नसल्यामुळे आम्ही सकाळी साडेदहालाच नाशिक सोडले आणि पाच वाजायच्या आत काउंटरसमोर उभे होतो.

काउंटरवरील मुलीने ओळखपत्रे पाहिली, सुटकेस आईच्या नावावर घेतली आणि तीन बोर्डिंग पास पुढे सरकवले. आई आणि पत्नीच्या पासांवर आसनक्रमांक छापलेले होते. माझ्या पासावर ती चौकट रिकामी होती आणि तिच्याभोवती पेनाने गोल केलेला होता. ‘सर, तुमची सीट गेटवर मिळेल’ असे तिने सांगितले, आणि मीही फार विचार केला नाही. गेटवर गेल्यावर मात्र ‘विमान भरलेले आहे, एखादा प्रवासी आला नाही तर बघू’ असे उत्तर मिळाले. सगळे प्रवासी आले. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पत्नीने तिच्यासोबत पुढे जावे असे मीच सांगितले.

त्यानंतर एक इंग्रजी छापील कागद माझ्यासमोर आला. त्यावर सही केल्याशिवाय दुसऱ्या विमानाचे तिकीट निघणार नाही, असे मला सांगण्यात आले. माझ्याजवळ पेन नव्हते, तर तिथल्या तरुणाने खिशातले स्वतःचे पेन काढून दिले. मी सही केली. रात्रीची हॉटेलची खोली, दुसऱ्या दिवशी १०.३५ च्या विमानात जागा आणि तीन हजार रुपयांचे प्रवासकुपन मिळाले. खोलीवर गेल्यावर कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो नीट वाचला, तेव्हा ‘मी माझे आसन स्वेच्छेने सोडत आहे’ असे त्यात लिहिलेले आढळले.

मुंजीचा मुहूर्त सकाळी ९.४७ चा होता. भांडी बाजारातून घेतलेले तांब्याचे पळी-पंचपात्र आणि ताम्हण माझ्या हातातल्या पिशवीत, म्हणजे मुंबईतच राहिले. बटूची पहिली संध्या शेजारच्या घरातून आणलेल्या स्टीलच्या वाटी-चमच्यावर झाली. मामा दुपारी पोहोचला, तेव्हा मंडपात पंगतीही उठल्या होत्या.

कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बदनामी करायची नसून माहिती हवी आहे. तिकीट पक्के असताना आणि मी वेळेत पोहोचलेलो असताना असे करता येते का? भरपाईचा नियम नेमका काय आहे? आणि त्या सहीमुळे माझा हक्क गेला का?

पाथर्डी फाटा

वाचून वाईट वाटले. पण स्पष्ट सांगायचे तर खोली मिळाली, तिकीट मिळाले, वर तीन हजारांचे कुपन मिळाले. उरलेल्या चार-पाच हजारांसाठी कोण वणवण करणार? एक शंका मात्र आहे. तुम्ही आदल्या दिवशी वेब चेक-इन करून आसन निवडले होते का?

गोदाकाठी

वेब चेक-इन केले नव्हते. आईला पुढची जागा काउंटरवर मागून घ्यावी असा विचार होता. ती चूक मला मान्य आहे.

ओझरकर

मी अनेक वर्षे विमानतळांवर ग्राउंड हँडलिंगच्या कामात होतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

उपलब्ध आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकण्याला आम्ही ओव्हरबुकिंग म्हणतो. ते आपल्याकडे किंवा अमेरिका-युरोपातही बेकायदेशीर नाही. प्रत्येक विमानाला काही प्रवासी येतच नाहीत. कोणाची बैठक लांबते, कोणाचे आधीचे विमान चुकते. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची ही बाजार उठल्यावर उरलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखी असते, तिला दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. म्हणून कंपन्या मागील नोंदींवरून किती जण येणार नाहीत याचा अंदाज बांधतात आणि तितकी तिकिटे जास्त विकतात. बहुतेक दिवशी हा अंदाज बरोबर ठरतो आणि कोणाला काही कळतही नाही. तो चुकला की कोणाला खाली ठेवायचे हे ठरवावे लागते, आणि तेव्हा ज्याला आसनक्रमांक मिळालेला नाही असा, बहुधा शेवटी चेक-इन केलेला प्रवासी समोर दिसतो. पाथर्डी फाटा यांचा प्रश्न त्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. वेब चेक-इन हे संरक्षणाचे हमीपत्र नाही, पण आसनक्रमांक हातात असलेल्या माणसाला उठवणे अवघड असते.

काही वेळा ओव्हरबुकिंग नसतेच. मोठ्या विमानात बिघाड होतो, त्याच्या जागी लहान विमान येते आणि आसने कमी पडतात. प्रवाशाला दोन्हींतला फरक कळत नाही.

काउंटरवरील मुले बहुधा कंत्राटी असतात, हेही ध्यानात घ्यावे. कोणाला खाली ठेवायचे ते वरून येते आणि शिव्या मात्र त्यांना खाव्या लागतात.

वकीलवाडी

धागालेखकांच्या तिन्ही प्रश्नांना जमेल तसे उत्तर देतो. मी जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरणे चालवतो, पण हा सर्वसाधारण खुलासा समजावा, कागद पाहून दिलेला सल्ला नव्हे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, या विषयावर स्वतंत्र नियमावली आहे. ती २०१० पासून लागू आहे आणि भरपाईच्या रकमा २०१६ मध्ये वाढवण्यात आल्या. तिचे सार असे की, पक्के आरक्षण असलेले आणि ठरलेल्या वेळेत हजर झालेले प्रवासी उपलब्ध आसनांपेक्षा जास्त असतील, तर कंपनीने प्रथम स्वेच्छेने आसन सोडणारे प्रवासी शोधले पाहिजेत. त्यांना काय द्यायचे हे कंपनीने ठरवायचे असते, त्यामुळे कुपन, रोख, पुढच्या वेळी वरचा वर्ग, काहीही चालते. असे कोणी मिळाले नाही आणि प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खाली ठेवले, तर मात्र ठरावीक भरपाई लागू होते. मूळ सुटण्याच्या वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारे पर्यायी विमान दिले तर भरपाई नाही. पर्यायी विमान २४ तासांच्या आतील असेल, तर एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. २४ तासांच्या पुढचे असेल, तर चौपट, पण जास्तीत जास्त २०,०००. प्रवाशाने पर्यायी विमान नाकारले, तर तिकिटाची पूर्ण रक्कम परत आणि शिवाय २०,००० च्या मर्यादेत तीच चौपट भरपाई. ओझरकरांनी सांगितलेल्या लहान विमानाच्या बाबतीतही ‘उपलब्ध आसनांपेक्षा प्रवासी जास्त’ हे शब्द माझ्या मते पुरेसे व्यापक आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, असे करता येते, पण त्याची किंमत मोजून. तिसऱ्या प्रश्नाविषयी नंतर लिहितो, कारण खरी मेख तिथेच आहे. धागालेखकांनी तिकिटावरील मूळ भाडे आणि इंधन अधिभार किती ते कृपया सांगावे.

गोदाकाठी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझ्या एकट्याच्या तिकिटाचे एकूण ५,९८० रुपये झाले होते. त्याच्या दुप्पट म्हणजे जवळजवळ बारा हजार, म्हणून मर्यादेनुसार १०,००० असे धरावे का?

वकीलवाडी

नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. विमानतळ शुल्क आणि कर त्यात धरायचे नाहीत. तिकिटाच्या पावतीत तपशील वेगवेगळा दिलेला असतो, तो पाहावा.

गोदाकाठी

मूळ भाडे ४,१५० आणि इंधन अधिभार ४५०. म्हणजे ४,६००, आणि दुप्पट ९,२०० रुपये.

पाथर्डी फाटा

म्हणजे मी म्हणालो तेच. कुपनाचे तीन हजार वजा केले तर सहा हजारांचा प्रश्न उरतो.

शरयू (सध्या मुक्काम फ्रँकफुर्ट)

पाथर्डी फाटा, रकमेवरून हक्क मोजायचा ठरवला तर कोणतीच कंपनी कधीच पैसे देणार नाही, कारण प्रत्येक प्रवाशाचे नुकसान स्वतंत्रपणे पाहिले तर लहानच दिसते.

युरोपीय संघात यासाठी २६१/२००४ या क्रमांकाचा नियम २००५ पासून लागू आहे. तिथे भाडे किती होते हे पाहतच नाहीत, अंतर पाहतात. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो ठरलेले आहेत. सवलतीच्या दरात तिकीट काढणाऱ्यालाही तेवढेच मिळतात. भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची असते, आणि कुपन द्यायचे तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की, युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या विमानाला हा नियम लागतो, मग कंपनी भारतीय असली तरी. उलट भारतातून युरोपला निघणारे विमान असेल, तर कंपनी युरोपीय असावी लागते. नाशिकहून मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांनी परतीच्या प्रवासासाठी हे जरूर लक्षात ठेवावे. फ्रँकफुर्टच्या काउंटरवर ‘आमची कंपनी भारतातली आहे’ हे उत्तर ऐकून आमच्या परिचयातले एक कुटुंब हात हलवत परत आले होते.

कॉलेज रोड

एक बाळबोध प्रश्न विचारतो. माणूस आसनावर बसला असेल तर त्याला उतरवता येते का? काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका डॉक्टरांना विमानातून फरफटत नेल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता.

ओझरकर

ती घटना ९ एप्रिल २०१७ ची, शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेड एक्सप्रेसच्या ३४११ क्रमांकाच्या विमानातली. सर्व प्रवासी बसल्यानंतर कंपनीला स्वतःच्या चार कर्मचाऱ्यांना लुईव्हिलला पोहोचवायचे होते. आधी ४०० आणि मग ८०० डॉलरचे कुपन देऊ केले, कोणी उठले नाही, तेव्हा चार नावे काढली. तिघे उतरले. चौथे म्हणजे ते डॉक्टर, त्यांनी नकार दिला आणि विमानतळाच्या सुरक्षारक्षकांनी त्यांना ओढत नेले. त्याच महिन्यात तडजोड झाली आणि कंपनीने अशा वेळी देऊ करायच्या रकमेची मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत नेली. म्हणजे ८०० वर हात आखडला नसता तर जगभर नाचक्की झाली नसती. पुढे २०२१ मध्ये तिथल्या परिवहन खात्याने नियमच केला की, बोर्डिंग पास स्वीकारून आत घेतलेल्या प्रवाशाला ओव्हरबुकिंगच्या कारणाने उतरवता येणार नाही. सुरक्षा, आरोग्य किंवा बेशिस्त ही कारणे वेगळी.

आपल्याकडे मात्र एक सावधगिरी बाळगावी. बेशिस्त प्रवाशांविषयीचे २०१७ चे नियम तीन पातळ्यांचे आहेत. शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका होईल अशा वर्तनाला किमान दोन वर्षे प्रवासबंदी होऊ शकते. वैमानिकाने उतरा म्हटले तर उतरावे. तिथे बसून राहिलात तर आसनाचा वाद बाजूला पडतो, तुम्ही बेशिस्त ठरता आणि हातातली बाजू जाते. आवाज न चढवता ‘मला खाली का ठेवले ते लिहून द्या’ एवढे एकच वाक्य धरून ठेवावे. माझ्या अनुभवात गेटवरचा वरिष्ठ या वाक्याला आरडाओरडीपेक्षा जास्त घाबरतो.

जाता जाता थोडे अवांतर. स्वयंसेवक शोधण्याची कल्पना विमान कंपन्यांची नाही. १९६८ मध्ये ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने सुचवले होते की, प्रवाशांना पाकिटे द्या, आसन सोडायला किमान किती पैसे घ्याल ते लिहायला सांगा आणि सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्याला थांबवा. कंपन्यांनी दहा वर्षे ती थट्टेवारी नेली. लासलगावच्या कांद्याच्या लिलावाची उलटी बाजू म्हणा हवी तर. इथे सर्वांत कमी बोली लावणाऱ्याच्या पदरात पैसे पडतात. दरम्यान १९७२ मध्ये ग्राहक चळवळीतले प्रसिद्ध वकील राल्फ नेडर यांनाच एका कंपनीने खाली ठेवले, त्यांनी दावा लावला आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर १९७८ मध्ये तिथे आधी स्वयंसेवक विचारणे बंधनकारक झाले. आपल्या नियमातले ‘प्रथम स्वयंसेवक शोधा’ हे कलम त्याच वाटेने आलेले आहे.

वकीलवाडी

ओझरकरांनी नकळत तिसऱ्या प्रश्नाची वाट करून दिली.

नियमाचा सगळा डोलारा ‘स्वेच्छेने’ आणि ‘इच्छेविरुद्ध’ या दोन शब्दांवर उभा आहे. तुम्ही स्वयंसेवक ठरलात, तर कंपनीने जे दिले तेच तुमचे आणि ९,२०० रुपयांचा प्रश्नच उरत नाही. तो कागद छापलेला का असतो, हे यावरून कळावे. परंतु एखाद्या कागदावर स्वेच्छा असे छापले म्हणून स्वेच्छा निर्माण होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १४ नुसार संमती मुक्त असावी लागते, आणि चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती मुक्त नसते. सही केल्याशिवाय पर्यायी तिकीट मिळणार नाही, हे सांगणेच चुकीचे होते, कारण इच्छेविरुद्ध थांबवलेल्या प्रवाशासाठीही नियमात पर्यायी विमानाची तरतूद आहेच.

आता धागालेखकांनी आठवून सांगावे. काउंटरवर किंवा गेटवर ‘कोणी स्वेच्छेने थांबायला तयार आहे का’ अशी घोषणा झाली होती का? एकाही अन्य प्रवाशाला विचारले होते का?

गोदाकाठी

घोषणा झाली नाही. मी गेटसमोरच उभा होतो. कोणालाही विचारले नाही. विचारले असते तर एखादा विद्यार्थी तीन-चार हजारांसाठी आनंदाने थांबला असता.

वकीलवाडी

मग हे वाक्य तक्रारीत पहिल्या परिच्छेदात यायला हवे. कंपनीने पहिली पायरीच गाळली आणि थेट दुसरीवर आली, पण कागदावर मात्र पहिली दाखवली.

क्रम असा ठेवावा. प्रथम कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे प्रवाशांच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ईमेल, मग अपील अधिकाऱ्याला. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. समांतरपणे केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर नोंद करावी. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे, आणि काही प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. सेवेसाठी मोजलेली रक्कम, म्हणजे इथे तिकिटाचे पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी लिहितो आहे, याची नोंद माझ्या सहकाऱ्यांनी घेऊ नये), आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

पाथर्डी फाटा

पण तिकिटाच्या अटींत ‘न्यायक्षेत्र दिल्ली’ असे असते ना? नाशिकच्या माणसाने सहा हजारांसाठी दिल्ली गाठायची का?

वकीलवाडी

ही भीती जुन्या कायद्यातली. १९८६ च्या कायद्यात विरुद्ध पक्ष कुठे आहे किंवा घटना कुठे घडली हे पाहिले जायचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तो जिल्हाही चालतो, असे स्पष्ट लिहिले आहे. अटीत काहीही छापलेले असो, नाशिककर नाशिकच्याच आयोगात जाऊ शकतो. शिवाय तिथे केवळ ९,२०० मागायचे नसतात. सेवेतील त्रुटीबद्दल मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागता येतो. पहिल्या संध्येची हकीकत त्या भागात लिहा, आकड्यांच्या भागात नको.

आणि हे लहान प्रकरण नाही. जून २०२२ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला दहा लाखांचा दंड केला, तो नेमका याच कारणासाठी: वैध तिकीट असलेल्या प्रवाशांना विमानात घेतले नाही आणि भरपाईही दिली नाही. बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीत तपासणी करून हे काढले होते. प्रवाशांनी तक्रारी केल्याच नसत्या तर तपासणीला कोण गेले असते?

कॉलेज रोड

ओझरहून जाणाऱ्यांना तो ‘एका तासाच्या आत पर्यायी विमान’ वाला अपवाद कधी लागूच होणार नाही, असे दिसते.

ओझरकर

बरोबर निरीक्षण आहे. मुंबई-दिल्ली मार्गावर कंपनी तासाभरात दुसरे विमान दाखवून मोकळी होऊ शकते. ओझरहून एखाद्या शहराला दिवसात मोजकीच विमाने असतात. इथे खाली ठेवलेला प्रवासी बहुधा थेट भरपाईच्या वर्गातच पडतो. म्हणून ओझरला कोणी ‘मुंबईहून रात्रीचे देतो’ म्हटले तर हो म्हणण्याआधी मुंबईपर्यंतच्या गाडीचा खर्च कोण देणार ते विचारून घ्या. तो विषय तिथे काढला नाही तर नंतर कोणी काढत नाही.

गोदाकाठी

सर्वांचे आभार. काल रात्री नोडल अधिकाऱ्याला ईमेल पाठवला. कुपन वापरलेले नाही आणि वापरणारही नाही, असे त्यात लिहिले. वकीलवाडी यांनी वेळेत हजर असल्याचा पुरावा महत्त्वाचा असल्याचे ध्वनित केले होते, म्हणून गाडीवाल्याकडून पडघ्याच्या टोलची फास्टॅग नोंद मागवली. ती मिळाली. पण त्याहून चांगली गोष्ट पत्नीच्या मोबाईलमध्ये सापडली. आम्ही पोहोचलो हे बंगळुरूला कळावे म्हणून तिने काउंटरवरच तीनही बोर्डिंग पास हातात पंख्यासारखे धरून फोटो काढला होता आणि ५ वाजून २ मिनिटांनी ‘निघतोय’ असे लिहून घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला होता. फोटोत माझ्या पासावरची रिकामी चौकट आणि पेनाचा गोल स्पष्ट दिसतो.

पाथर्डी फाटा

आता मी माझा शब्द मागे घेतो. जे आसन पाच वाजता दिलेलेच नव्हते, ते नंतर स्वेच्छेने सोडले कसे?

वकीलवाडी

हेच वाक्य, याच शब्दांत, तक्रारीत घालावे. फोटो मूळ मोबाईलमधून पुसू नका आणि मोबाईल बदलू नका. आयोगात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र त्यासोबत जोडावे लागेल, त्याचा नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. गटावरचा तो संदेशही तसाच राहू द्यावा, आणि काकूंना सांगावे की सणासुदीच्या शुभेच्छांची साफसफाई करताना तो चुकून जाता कामा नये.

गोदाकाठी

आईने गट आत्ताच पाहिला. तिने त्या फोटोला तारांकित करून ठेवले आहे. नोडल अधिकाऱ्याचे उत्तर आले की इथेच लिहीन.